ऐंशी टक्के यश आणि न आलेल्यांची यादी

प्रश्न, थोडक्यात : 'मी ऐरोलीत राहते. क्लिनिकल सायकॉलॉजी केलं आहे आणि वर्षभर एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. आमच्याकडे ८० टक्के यश मिळतं असं सांगतात, पण तेच चेहरे सहा-आठ महिन्यांनी परत दाखल होताना मी बघते. उपचार सुधारायचे तर संशोधन हवं, हे कळतं. पण ते शिकायचं कुठे, सुरुवात कशाने करायची, आणि त्यासाठी बंगळुरू-दिल्ली गाठायलाच हवी का?'

आधी त्या ८० टक्क्यांचा हिशेब करू. समजा, १०० माणसं दाखल झाली. त्यातली ४० मुदत संपायच्या आत घरी गेली. कोणाचे पैसे संपले, कोणाच्या आईला राहवलं नाही, कोणी भिंतीवरून उडी टाकली. उरले ६०. सहा महिन्यांनी फोन लावले तर २५ जण लागले आणि त्यातले २० म्हणाले, 'नाही हो मॅडम, हातसुद्धा लावला नाही.' २५ पैकी २०, म्हणजे ८० टक्के. यात कोणी खोटं बोललं असं नाही. फक्त छेदात १०० हवे होते, तिथे २५ बसले. बरं, म्हणून खरं यश २० टक्केच, असंही म्हणता येत नाही, कारण न सापडलेल्या ७५ जणांत कोणी ना कोणी बरं असणारच. खरा आकडा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे आणि तो कळायचा तर त्या ७५ जणांना गाठावं लागतं.

हा हिशेब मला नीट कळतो, कारण मी तो स्वतः केला आहे. एमडीच्या प्रबंधाला मी दारूचे ६० पेशंट घेतले होते. तीन महिन्यांनी त्यातले २२ आलेच नाहीत. तक्त्याखाली बारीक अक्षरात 'संपर्क तुटला' असं लिहून मी उरलेल्या ३८ जणांवर काम उरकलं. निकाल झकास दिसत होते. सरांनी कागद चाळले, चष्मा काढला आणि विचारलं, 'हे बावीस जण कुठे गेले? चंद्रावर?' तेव्हा पेशंटकडे मोबाइल नसायचे. केसपेपरवर शेजारच्या वाण्याचा पीपी नंबर, नाहीतर 'पिंपळामागे, किसननगर' एवढाच पत्ता. पुढचे सहा रविवार मी आणि आमचे समाजसेवक वागळे इस्टेट, किसननगर, कळवा असे हिंडलो. चौदा घरं सापडली.

एक जण चक्क कोरडा होता, तीन महिन्यांत थेंब नाही. मग आला का नाही? वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्याकडून शंभर रुपये उसने घेतले होते, ते फेडायचे राहिले म्हणून तोंड दाखवायची लाज वाटत होती. दुसऱ्याची पाळी बदलली होती आणि आमची ओपीडी नेमकी त्याच्या कामाच्या वेळेत. एका घरी दारात बायको उभी होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर ती आत गेली आणि आमच्याच औषधांची पिशवी आणून हातात दिली. निम्म्या पट्ट्या तशाच होत्या. तो जाऊन पाच आठवडे झाले होते. 'आत्ता आलात,' एवढंच म्हणाली.

प्रबंधाचे निकाल नंतर अर्थातच उतरले. पण मला तेव्हा कळलं की डिस्चार्जनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत, म्हणजे माणूस सर्वात जास्त घसरतो त्या काळात, आमच्याकडून एकालाही एका शब्दाने विचारलं गेलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक नव्या रेसिडेंटला कंटाळा येईपर्यंत एकच गोष्ट ऐकवतो : न आलेल्या पेशंटचा माग काढणं हा उपचारही आहे आणि संशोधनही. तुमच्या प्रश्नातले दोन भाग तुम्हाला वेगळे वाटताहेत, मला ते वाटत नाहीत.

आपण व्यसनाला अपेंडिक्ससारखं वागवतो. आत घेतलं, काढलं, टाके सुकले, घरी पाठवलं. २००० साली टॉम मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात व्यसनाची इतर जुनाट आजारांशी तुलना केली होती. उपचारानंतर पुन्हा उलटण्याचं प्रमाण व्यसनात ४० ते ६० टक्के, तर रक्तदाब आणि दम्यात ५० ते ७० टक्के. बीपीचा पेशंट गोळ्या सोडून परत आला तर आपण गोळी बदलतो, मिठाबद्दल विचारतो. दारूचा परत आला की 'याची इच्छाशक्तीच नाही' म्हणून मोकळे. तुमच्या केंद्रातले ते परतलेले चेहरे तुम्हाला अपयश वाटतात. मला ते त्यातल्या त्यात नशीबवान वाटतात, निदान परत तरी आले.

आता उपचार नेमके कुठे कच्चे पडतात ते सांगतो. सगळं नाही सांगत, मला जिथे सर्वात जास्त खटकतं तेवढंच.

गटारी झाली की आमच्याकडे एक ठरावीक पेशंट येतो. वर्षभर रोज पिणारा माणूस, श्रावण पाळायचा म्हणून अमावास्येनंतर एकदम बंद करतो. घरचे खूश. पण रोजच्या दारूने मेंदूवर ब्रेक दाबलेला असतो आणि त्याला तोंड द्यायला मेंदूने अॅक्सिलरेटर पिळून धरलेला असतो. ब्रेक अचानक सोडला की गाडी सुसाट. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम सुरू होतो. तुर्भ्याच्या एमआयडीसीतला एक फिटर रात्रभर वॉर्डात हवेतले नट आवळत होता, मध्येच सिस्टरांना म्हणाला, 'पाना द्या बारा-तेराचा.' घरच्यांनी त्याआधी दोन दिवस 'बाहेरचं' म्हणून अंगारे केले होते. या अवस्थेत उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो, आणि योग्य मात्रेत लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड हे मेंदू शांत करणारं औषध दिलं तर बहुतेक जण सुखरूप बाहेर पडतात. दुसरी चूक सलाइनची. 'अशक्तपणा आलाय, एक बाटली लावून द्या,' असं घरचे म्हणतात आणि गल्लीतला डॉक्टर ग्लुकोज चढवतो. अंगात बी-१ जीवनसत्त्वाचा खडखडाट असताना आधी थायमिन न देता ग्लुकोज दिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. थायमिनचं इंजेक्शन काही महाग नाही.

(श्रावणाची चेष्टा करत नाही. माळ घालून सुटलेले लोक मी पाहिले आहेत. रोज पिणाऱ्याने श्रावण जरूर पाळावा, फक्त आदल्या आठवड्यात डॉक्टरला भेटून.)

दुसरी गोष्ट 'नकळत द्यायच्या' औषधाची. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या त्या जाहिराती तुम्हीही वाचल्या असतील. असं गुपचूप दिलं जाणारं औषध म्हणजे डायसल्फिराम. ते १९४०च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमधून आलं. त्याचं काम एवढंच की दारू पोटात गेली की तिचं विघटन अर्ध्यात अडतं, अॅसिटाल्डिहाइड साठतं, चेहरा लाल होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. ज्याला माहीत आहे त्याला ही भीती उपयोगी पडते. ज्याच्या डाळीत बायकोने गुपचूप गोळी कुस्करली आहे त्याला त्यातून काही शिकता येत नाही, आणि हृदय कमकुवत असेल तर तो जिवानिशी जाऊ शकतो. नॅलट्रेक्झोन आणि अॅकॅम्प्रोसेट ही ओढ कमी करणारी, जास्त सोयीची औषधं आपल्याकडे मिळतात. तरी डिस्चार्ज कार्डावर ती क्वचितच दिसतात. नुसती जीवनसत्त्वं आणि झोपेची गोळी लिहिलेली कार्डं मी रोज बघतो.

गर्दचं गणित आणखी वाईट. ब्राउन शुगरवाल्याला महिनाभर कोंडून कोरडं केलं की त्याच्या शरीराची सहनशक्ती उतरते. बाहेर आल्यावर तो जुन्याच हिशेबाने पुडी घेतो आणि त्यातच संपतो. म्हणून ब्युप्रेनॉर्फिनची, म्हणजे अफूच्याच जातीच्या पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायच्या औषधाची, जिभेखाली विरघळणारी गोळी महिनोन् महिने, गरज पडली तर वर्षानुवर्षं चालू ठेवायची असते. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेले आकडे आले. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना दर हजार माणसांमागे वर्षाला ४.३ मृत्यू, उपचार सुटल्यावर ९.५. आपल्याकडे सुईने नशा करणाऱ्यांना एड्स नियंत्रणाच्या कार्यक्रमातून हे उपचार मोफत मिळतात. तरीही पालकच काय, समुपदेशकही म्हणतात, 'एक नशा सोडवून दुसरी लावली.' इन्सुलिनबद्दल असं कोणी म्हणत नाही.

आणि एक गोष्ट, जी बोलायची सगळे टाळतात. रात्री गाडी पाठवून माणसाला घरातून 'उचलून' नेणारी केंद्रं आपल्या भागात आहेत. २०१७चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनाधीनतेलाही लागू होतो. नोंदणी, दाखल करताना तपासणी, पेशंटचे हक्क, सगळं त्यात आहे. माझ्याकडे असा उचललेला एक मुलगा नंतर आला होता, त्याने पहिल्या तीन भेटींत दाराकडे तोंड करून बसणं सोडलं नाही. अशा जागी यशाचे आकडे कसे तयार होतात, हे तुम्ही ओळखालच.

हे सगळं सुधारलं तरी मोठा प्रश्न तसाच उरतो. एम्सच्या व्यसनोपचाराच्या राष्ट्रीय केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकाला कुठला तरी उपचार मिळतो आणि १८० पैकी एकाला दाखल होऊन. म्हणजे आपण भांडतोय ते त्या अडतिसाव्या माणसावरून. बाकीचे ३७ मुरबाडच्या वीटभट्टीवर आहेत, वाशीच्या मार्केटात गोणी उचलताहेत, घोडबंदरच्या टॉवरमध्ये लॅपटॉपवर आहेत. खाटा वाढवून ते भरून निघणार नाही. इथे गोव्याचं काम बघा. 'संगाथ' संस्थेच्या गटाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या. हानिकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांत तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेले ३६ टक्के, नेहमीच्या देखभालीत २६ टक्के. हे २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. हा दहा टक्क्यांचा फरक तुमच्या ८० टक्क्यांसमोर किरकोळ दिसेल. पण तिथे तीन महिन्यांनी जवळपास नव्वद टक्के लोकांना गाठलं होतं, शिवाय गट चिठ्ठ्या टाकून पाडले होते. मला तो फरक जास्त भरवशाचा वाटतो.

आता संशोधक कसं व्हायचं.

विषय आधी ठरवू नका. तीन महिने नुसतं ओपीडीच्या बाकावर बसा, केबिनमध्ये नव्हे. नंबर लागायच्या आधी नवरा-बायकोत जे चालतं ते कुठल्याच केसपेपरवर येत नाही.

मग मोजायला शिका. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी तुम्ही वापरतच असाल. तिसरा प्रश्न आहे, एका बैठकीत सहा किंवा जास्त ड्रिंक्स किती वेळा होतात? पेशंट म्हणतो, 'कधीच नाही, आपली फक्त एक क्वार्टर.' आता हिशेब करा. क्वार्टर १८० मिलि, आपल्या व्हिस्की-रममध्ये अल्कोहोल ४२.८ टक्के, घनता ०.७९. झाले ६१ ग्रॅम. दहा ग्रॅमचं एक ड्रिंक धरलं तर ही सहा ड्रिंक्स. म्हणजे 'कधीच नाही' म्हणणारा माणूस रोज सहा घेतोय आणि तुमच्या तक्त्यात शून्य गुण पडलेत. नाइन्टीला तीन, स्ट्राँग बिअरच्या मोठ्या बाटलीला चार. ही कोष्टकं भिंतीवर लावा. देशीची बाटली पेशंटकडून मागवून लेबल वाचा. प्रश्नावलीचं भाषांतर पुस्तकी मराठीत झालं तरी माप इंग्रजीच राहतं, हे दहातल्या नऊ प्रबंधांत मी पाहिलंय.

पिण्याचे दिवस मोजायला लिंडा आणि मार्क सोबेल या दांपत्याने एक पद्धत बसवली आहे. कॅलेंडर समोर ठेवायचं आणि मागे मागे जात एकेक दिवस आठवायला लावायचा. मी त्यासाठी कालनिर्णय वापरतो. नुसतं 'गेल्या तीन महिन्यांत किती दिवस?' विचारलं तर उत्तर येतं, 'अधूनमधून.' पान उघडून 'पगार सातला झाला ना? मग हा शनिवार? संकष्टीला? मेव्हण्याच्या हळदीला?' असं विचारत गेलं की माणूस स्वतःच बोट ठेवतो. एका माथाडी कामगाराने ऑगस्टच्या पानावर सगळे सोमवार स्वच्छ ठेवले आणि बाकी सव्वीस घरांत फुल्या मारल्या. फुल्या मारून झाल्यावर बराच वेळ पानाकडे बघत राहिला आणि म्हणाला, 'डॉक्टर, मला वाटायचं, फक्त सोमवारच कोरडा असं नाही, एरवीही मी कमीच पितो.' मी त्यादिवशी दुसरं काही समुपदेशन केलं नाही.

संमतीपत्र. थरथरणाऱ्या हाताची सही ही संमती नाही. डिटॉक्स, म्हणजे अंगातली नशा उतरवायचे उपचार, पूर्ण झाल्यावर, माणूस शुद्धीत आणि पोटात अन्न असताना पुन्हा विचारा. त्यातच एक ओळ मी नेहमी घालतो : 'फोन दुसऱ्या कोणी उचलला तर आम्ही काय सांगायचं?' एकाने उत्तर दिलं होतं, 'एलआयसीवाले म्हणा.' तसं खोटं आपल्याला बोलता येत नाही, पण नुसतं आपलं नाव सांगून ठेवून देता येतं. 'व्यसनमुक्ती केंद्रातून बोलतोय' हे वाक्य वहिनीच्या कानावर पडलं की तो पेशंट तुमच्या हातून गेला, आणि त्याच्या धाकट्या बहिणीचं जमत आलेलं लग्नही कदाचित. गर्दवाल्यांना पोलिसांची भीती असते. त्यांची नावं आणि उत्तरं वेगवेगळ्या कुलुपात ठेवा आणि हे त्यांना दाखवा.

पाठपुराव्याची तयारी पहिल्याच दिवशी करायची असते. तीन नंबर घ्या, स्वतःचा, घरचा, आणि ज्याच्याशी तो भांडत नाही अशा एकाचा. दुसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, मग दर महिन्याला फोन. न आलेल्यांची वही वेगळी करा आणि दर शनिवारी ती उघडून बसा. विश्लेषणात जो सुरुवातीला आला तो शेवटपर्यंत मोजायचा, सापडो न सापडो. औषधाची किंवा समुपदेशनाची चाचणी करणार असाल तर पहिला पेशंट घ्यायच्या आधी सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदणी करा. औषधांच्या चाचण्यांना २००९पासून ती सक्तीची आहे. म्हणजे मागाहून निकालाप्रमाणे प्रश्न बदलायचा मोह होत नाही. संख्याशास्त्रज्ञाकडे आकडे जमल्यावर जातात, ते उशिराचं आहे. आधी जा.

मार्गदर्शक कसा निवडावा? ज्याच्या नावावर पेपर खूप आहेत असा नव्हे. आठवड्यातला एक तास तुम्हाला देतो का आणि तुमचा निकाल उलटा आला तर छापू देतो का, एवढं त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा. आमच्या पिढीने फॉर्म भरायला मुलं वापरली आणि त्याला प्रशिक्षण म्हटलं, हे कबूल करतो. शिवाय तुमच्या चमूत किमान एक तरी व्यसनातून बाहेर आलेला माणूस पगारी घ्या. माझ्याकडे आहे. प्रश्नावलीतले तीन प्रश्न त्याने खोडले. 'हे विचारलंत की मी तर खोटंच सांगितलं असतं,' म्हणाला.

जायचं कुठे? गाझियाबादचं एम्सचं राष्ट्रीय केंद्र आणि बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, दोन्ही उत्तम, महिना-दोन महिने जरूर जाऊन राहा. गोवा जवळ आहे. एमबीबीएस करणारी भावंडं-मित्र असतील तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) दोन महिन्यांची विद्यार्थी शिष्यवृत्ती त्यांच्या नजरेस आणा. पण ठाणे-नवी मुंबई सोडायची गरज नाही. नवी मुंबईतल्या 'हीलिस' या सार्वजनिक आरोग्याच्या संशोधन संस्थेच्या डॉ. प्रकाश गुप्तांनी मुंबईत मतदार याद्या घेऊन, घरोघर जाऊन सुमारे दीड लाख लोकांची तंबाखूची नोंद केली आणि मग वर्षानुवर्षं परत जाऊन कोण आहे, कोण गेलं ते पाहिलं. त्यात मशेरी लावणाऱ्या बायका मोठ्या संख्येने होत्या, ज्यांना एरवी कोणी व्यसनी म्हणून मोजत नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे. पुण्याचं 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून. तिथल्या लोकांशी बोला, त्यांच्याकडे असलेली माणसांची ओळख कुठल्याही अभ्यासक्रमात मिळत नाही.

विषय सुचवाच म्हणत असाल तर एक सुचवतो. तुमच्या केंद्रातून गेल्या वर्षी घरी गेलेल्या सगळ्यांची यादी काढा, मुदतीआधी गेलेल्यांसकट. केंद्रचालक आणि संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समिती, दोघांची लेखी परवानगी घ्या. पहिली परवानगी मिळायला जास्त त्रास होईल. मग आधी त्या यादीतल्यांना गाठा. त्यानंतर चिठ्ठ्या टाकून निम्म्या नव्या पेशंटना डिस्चार्जनंतर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड फोन आणि निम्म्यांना नेहमीप्रमाणे. सहा महिन्यांनी दोन्हीकडचे किती सापडतात ते आधी मोजा, किती कोरडे आहेत ते नंतर. मे-जूनमध्ये सुरू केलंत तर गटारी, श्रावण, गणपती, दिवाळीचा बोनस, सगळं त्या सहा महिन्यांत येईल. मागच्या वर्षीचं कालनिर्णय रद्दीत घालू नका, पहिल्या मुलाखतींना लागेल.